शंभरीचा दाखला

मा. जिल्हाधिकारी, रायगड-अलिबाग यांस,



मुंबईच्या इंग्रजी पेपरात ऐंशीच्या घरातलं माणूस येतं ते बहुधा गंडवलं गेलेलं असतं. ऑक्टोजेनेरियनला फोनवरून लुबाडलं, ऑक्टोजेनेरियन बाईंची साखळी खेचली, ऑक्टोजेनेरियन जिन्यावरून घसरले. नॉनाजेनेरियन, म्हणजे नव्वदी पार केलेलं माणूस, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी छापून येतं. शाईचं बोट वर आणि मागं नातू. सेंटेनेरियनच्या, म्हणजे शंभरीवाल्याच्या, वाट्याला केक येतो. आणि एकशेदहाच्या पुढचा सुपरसेंटेनेरियन आम्ही आजवर परदेशच्या बातम्यांतच पाहिला. पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसणाऱ्या आमच्या निवृत्तांच्या घोळक्यानं या शब्दांचा एकदा रीतसर तास घेतला. इंग्रजीचे जुने मास्तर आमच्यात आहेत, त्यांनी लॅटिन आकड्यांपासून सगळं फोड करून सांगितलं. ते ऐकून एकानं, तो स्वतः एकोणऐंशीचा, विचारलं, "हे ऐंशी लागलं की आपोआप होतं, का अर्ज करावा लागतो?"

गाडी आली म्हणून उत्तर राहिलं. उत्तर असं की अर्ज करावा लागतो, आणि हे पत्र त्या अर्जाबद्दलच आहे.

इंग्रजीनं दर दहा वर्षांनी एक पायरी ठेवली, आपल्या सरकारनं जवळपास दर पाच वर्षांनी. साठीला माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. पासष्टीला एसटीचं अर्धं तिकीट आणि गरीब असेल तर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये. (आईबापांना कावडीत घालून निघालेल्या मुलाचं नाव योजनेला दिलं ते छानच; तो मुलगा राजाच्याच बाणानं मेला, हे नाव ठेवणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं.) सत्तरीला आयुष्मानचं वय वंदना कार्ड, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं. पंचाहत्तरीला, ऑगस्ट २०२२ पासून, माणूस 'अमृत ज्येष्ठ' होतो आणि कंडक्टर त्याला शून्य रुपयाचं तिकीट काढून देतो. ऐंशीला आयकर खातं त्याला सुपर सीनियर म्हणू लागतं. पंच्याऐंशीला मतदान करायला अधिकारीच घरी येतात. ही अट आधी ऐंशीची होती, २०२४ च्या लोकसभेच्या तोंडावर ती पाच वर्षं पुढं सरकली. आणि केंद्र सरकारच्या निवृत्तांना ऐंशीला मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरीला पूर्ण १०० टक्के.

हा शेवटचा तक्ता वाचताना मला पंचांग आठवलं. त्यातल्या वयोवस्था शांती अशाच पाच-पाच वर्षांनी मांडलेल्या असतात. साठीची उग्ररथ, सत्तरीची भैमरथी, पंचाहत्तरीची ऐंद्री, ऐंशी उलटल्यावर हजार पौर्णिमा भरल्या म्हणून सहस्रचंद्रदर्शन, पंच्याऐंशीला रौद्री, नव्वदीला कालस्वरूप सौरी, पंच्याण्णवला त्र्यंबक मृत्युंजय, शंभरीला महामृत्युंजय. ऐंशीपासून पुढं पेन्शनचा तक्ता आणि भटजींची यादी ओळीनं जुळतात. दोघांचं एवढं एकमत मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. फरक एकच. भटजी यजमानाच्या शब्दावर विश्वास ठेवून होम मांडतात, जन्माचा दाखला मागत नाहीत.

आपल्या कचेऱ्यांना तो मागावा लागतो. तक्रार मागण्याबद्दल नाही. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतली जी माणसं खरोखर सगळ्यांत म्हातारी आहेत, त्यांच्यापाशीच तो नसतो, एवढं आपल्या कानावर घालायचं आहे.

याच मुलखातली तीन मोठी नावं घ्या. विनोबा, ११ सप्टेंबर १८९५, पेण तालुक्यातलं गागोदे. चिंतामणराव देशमुख, १४ जानेवारी १८९६, महाडजवळचं नाते; बालपण रोह्याकडचं. पांडुरंगशास्त्री आठवले, १९ ऑक्टोबर १९२०, रोहा. आमच्या शाळांमधली मुलं या तारखा भाषणात घडाघडा म्हणतात. विनोबा आणि चिंतामणराव यांच्या जन्मात चार महिन्यांचं अंतर. त्या चार महिन्यांत गागोद्याच्या आसपासच्या वाड्यांवर आणि कुंडलिकेच्या काठच्या घरांतही मुलं झालीच असतील. त्यांची तारीख सांगणारा कुणी नाही. ज्या घरात पत्रिका मांडली गेली त्या घरातल्या माणसाला तारीख मिळाली. ज्याला शाळेत घातलं त्याला मास्तरांनी दिली.

मास्तरांनी दिली ती बहुतेक १ जून. शाळा जूनमध्ये भरायची, पोराचं वय पहिलीत बसवायचं, बापाला तारीख ठाऊक नाही, मग १ जून. म्हणून तर महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी एकाच दिवशी हारतुऱ्यांची रांग लागते. ज्यांना शाळेतही घातलं नाही, म्हणजे त्या पिढीतल्या बहुतेक बायका, कातकरी, ठाकूर, मिठागरावरची माणसं, त्यांना तारीख थेट आधारच्या कॅम्पात मिळाली. समोरच्या पोरानं चेहरा पाहिला, अंदाज केला आणि १ जानेवारी टाकली. आमच्याकडच्या वाड्यांवर १ जानेवारीला वाढदिवस करायचं ठरलं तर गावजेवणच घालावं लागेल.

रोह्याच्या पलीकडच्या एका गावातल्या आजींची पिशवी मी पाहिली आहे. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, तिला रबर. पहिला कागद शिधापत्रिकेचा. पुठ्ठा झिजून कापडासारखा मऊ झालेला, आणि त्यावर 'जिल्हा कुलाबा' असं छापलेलं. म्हणजे १ जानेवारी १९८१ ला जिल्ह्याचं नाव बदललं त्याच्या आधीचा. त्यात आजींच्या नावापुढं वय लिहिलेलं 'अं. ४०'. दुसरं मतदार ओळखपत्र, १ जानेवारी १९९५ रोजी वय ६१. तिसरं आधार, जन्मतारीख ०१/०१/१९५२. आणि सोबत, कशाला तरी लागेल म्हणून ठेवलेला, त्यांच्या तिसऱ्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. त्याची जन्मतारीख अर्थातच १ जून, साल १९६१. आधार खरं मानलं तर आजी नवव्या वर्षी तिसऱ्यांदा आई झाल्या.

मतदार कार्डाप्रमाणं त्या नव्वदीच्या आहेत, आधारप्रमाणं त्यांना अजून पंचाहत्तरी लागायची आहे. एसटीत कंडक्टर आधार बघतो. त्यामुळं त्यांना अर्धं तिकीट काढावं लागतं, शून्य रुपयाचं मिळत नाही. आधार दुरुस्त करायला गेल्या तर जन्माचा पुरावा मागतात आणि पुरावा म्हणून सगळीकडं आधार मागतात. शिवाय अंगठा यंत्रावर उमटत नाही. लावणीच्या चिखलात आणि भाताच्या पेंढ्यांत आयुष्य गेल्यावर रेषा राहतात कुठं? चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता झाली आहे, पण ती सोय आहे हे काउंटरवरच्या माणसालाही ठाऊक असावं लागतं.

या गुंत्यात कायद्याचं म्हणणं तर आणखी मजेचं. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे असं आधार प्राधिकरणच सांगतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका अपघात भरपाईच्या खटल्यात वयासाठी आधार न धरता शाळेचा दाखला धरला. आणि त्याच महिन्यात सुरू झालेल्या वय वंदना कार्डासाठी वय कुठलं धरायचं? आधारवरचं.

आजींना मी वय विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मला नाय ठाव. रामदास बुडाली तवा मी ढोरं राखाया जायची."

हे उत्तर आपण बाजूला टाकू नये अशी माझी विनंती आहे. रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग-पेणकडच्या कितीतरी गावांत त्या दिवशी कुणाचं ना कुणाचं माणूस त्या बोटीवर होतं. ज्या मुलीला ढोरं राखायला एकटं पाठवतात ती दहा ते तेरा वर्षांची धरा. म्हणजे जन्म १९३४ ते १९३७ च्या दरम्यानचा. मतदार कार्डाशी हे जुळतं, शिधापत्रिकेशीही फार फटकत नाही, तिसऱ्या मुलाच्या वयाशी नीट बसतं. चार कागदांत एकटं आधार चुकतं, आणि सगळीकडं चालतं तेवढंच.

आमच्या म्हाताऱ्या माणसांकडं अशा खुणा भरपूर आहेत. चिरनेरचा गोळीबार २५ सप्टेंबर १९३० चा. चरीचा संप १९३३ ला सुरू झाला, १९३९ पर्यंत चालला. खारेपाटातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं आणि शेतं ओस पडली. त्या उपासमारीची आठवण स्वतःची म्हणून सांगणारं माणूस आज नव्वदीच्या पुढंच असणार. मग गांधीवधानंतरची जाळपोळ, डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेला झालेला भूकंप, जुलै १९८९ चा पूर. बाळंतपणं, लग्नं, सासूचं मरण, सगळं या खुंट्यांना अडकवलेलं असतं. लोकसंख्याशास्त्रज्ञ गावोगाव वय विचारताना अशीच घटनांची यादी हाताशी ठेवतात, हा काही माझा शोध नव्हे. नुसतं "वय किती" विचारलं की माणसं साठ, सत्तर, ऐंशी असे गोल आकडे सांगतात, म्हणून त्यांना ही यादी लागते.

यावर कचेरीतलं नेहमीचं उत्तर असं की पुरावा नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला आणा. आणता येतो, आणि श्रावणबाळसाठी चालतोही. पण डॉक्टर वय ठरवतात कशावरून? हाडांची टोकं जुळून येण्यावरून वय सांगता येतं ते पंचविशीपर्यंत. त्यापुढं दात, कातडी, डोळे, आणि अंदाज. पंच्याहत्तर आणि पंच्याऐंशी यांतला फरक क्ष-किरणांत दिसत नाही. उन्हात राबलेली साठीची बाई ऐंशीची दिसते आणि सावलीत बसलेले आमच्यातले काही ऐंशीचे असून साठीचे म्हणून खपतात.

तोंडावरून वय ठरवण्याचा महाराष्ट्रातला सगळ्यांत प्रसिद्ध प्रसंग तर कोकणातलाच आहे. दापोलीजवळच्या मुरूडचा एक मुलगा परीक्षेसाठी घाट चढून, पायी, शंभराहून जास्त मैल तुडवत साताऱ्याला पोचला. परीक्षेला सतराव्या वर्षाची अट होती. त्याला सतरावं होतं. समितीवरच्या साहेबांनी चेहरा पाहिला, हा सतराचा वाटत नाही म्हणाले आणि परत पाठवलं. त्या मुलाचं नाव धोंडो केशव कर्वे. तो पुढं १०४ वर्षं जगला आणि १९५८ मध्ये, शंभरीच्या वर्षी, भारतरत्न झाला. महाराष्ट्राच्या सर्वांत नामवंत सेंटेनेरियनची सरकारी वयाशी पहिली गाठ पडली ती अशी.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आपण म्हणाल की पेणकरांना सगळंच सोपं वाटतं. वय वाढवून सांगणारेही आहेत. काही मतदार याद्यांतली वयं तर ऐकूनच कौतुक वाटतं. एका गावी निवडणुकीच्या वेळी १०२ वर्षांच्या मतदाराचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्कारमूर्तींना मी नंतर कोपऱ्यात गाठलं. ते म्हणाले, नव्वद असतील, पण लोकांनी एवढा हार आणलाय तर कशाला बोला. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरीच्या पुढची माणसं सहा लाखांवर नोंदली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीवरून काढलेला २०१५ चा अंदाज सत्तावीस हजारांच्या आसपासचा आहे. मधल्या पावणेसहा लाखांतले बहुतेक हे अंदाजपंचे शंभर.

आणि हे आपल्याकडंच होतं असंही नाही. जपाननं १९६३ पासून शंभरी गाठणाऱ्याला चांदीचा पेला देण्याची प्रथा पाळली. शतायुषी इतके वाढले की २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा राहिला. तर त्याच जपानात २०१० मध्ये टोकियोच्या सर्वांत वयस्क पुरुषाचं अभिनंदन करायला अधिकारी गेले, तेव्हा त्यांना जवळपास बत्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा सांगाडा सापडला. घरचे पेन्शन घेत होते. मग देशभरची कुटुंबनोंदवही तपासली, तर दोन लाख तीस हजारांहून जास्त शतायुषी पत्ता नसलेले निघाले. तेव्हा आपल्या माणसांनी कागद मागावा हे मला मान्य आहे. जगातलं सर्वांत दीर्घ, कागदोपत्री पटलेलं आयुष्य फ्रान्समधल्या झान काल्माँ बाईंचं: १२२ वर्षं १६४ दिवस, मृत्यू १९९७ मध्ये. ते पटलं याचं कारण त्यांचा जन्म, बाप्तिस्मा, लग्न, दर जनगणना, सगळं आर्ल गावच्या दप्तरात ओळीनं सापडलं. तो विक्रम त्या बाईंचा जेवढा, तेवढाच त्या गावच्या कारकुनांचा.

आणि, साहेब, आपल्याकडंही कारकून होते. हे मुख्य सांगायचं आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावचे पाटील आणि कोतवाल जन्म-मरण टिपून तालुक्याला पाठवत होते. गाव नमुना नंबर १४, बोलीभाषेत कोतवाल बुक. पुष्कळसं मोडीत, पुढंपुढं बाळबोधीत. ही बाडं जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल फडक्यांत बांधून ठेवलेली आहेत. ती उघडता येत नाहीत असं मला अनेक वर्षं सांगण्यात आलं. मग २०२३ चा सप्टेंबर आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, काम राज्यभर पसरलं, आणि हीच फडकी पटापट सुटली. मोडी वाचणारे शोधून आणले, पानं स्कॅन झाली, याद्या लागल्या, पन्नास लाखांहून जास्त नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. जन्माच्या त्या नोंदींत जात हा एक रकाना आहे. त्याच्या शेजारीच जन्माची तारीख आहे. शोधणाऱ्यांना ती नको होती, म्हणून कुणी तिची यादी केली नाही.

म्हणजे माझी मागणी नव्यानं काही खणायची नाही. वाचून झालेल्या पानांवरची दुसरी माहिती उचलायची आहे.

यात अडचणी आहेत, त्या लपवत नाही. त्या बुकांत पुष्कळदा बाळाचं नाव नसतंच. बापाचं नाव, गाव, जात, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी'. पाठोपाठ तीन मुली झाल्या असतील तर आपली आजी त्यांतली कोणती हे विचारूनच ठरवावं लागेल, आणि विचारायचं तर तिच्याहून वयानं मोठं कुणी उरलेलं नसतं. बायकांची नोंद माहेरी. रोह्यातल्या सुनेचा जन्म सुधागडात, पेणच्या आजीचा अलिबागच्या खारेपाटात, कुणाचा पार घाटावर. लग्नात नाव बदललेलं, आडनाव तर बदललेलंच. रोह्याचे तहसीलदार सुधागडचं बुक उघडू शकत नाहीत, गावचे तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) कुठलंच उघडू शकत नाहीत. सगळ्या तालुक्यांच्या बुकांवर ज्याचा अधिकार चालतो असं टेबल जिल्ह्यात एकच आहे, म्हणून पत्र आपल्याला लिहिलं. प्रांतांना लिहायचं तर पेणला एक आणि रोह्याला एक अशी दोन पाठवावी लागली असती, आणि दोघांनी ती एकमेकांकडं पाठवली असती.

कातकरी वाड्यांचं काय, हा प्रश्न मात्र या बुकांनी सुटणार नाही. दसरा-दिवाळी झाली की वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर निघून जायचं, जन्म कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्याच्या हद्दीत पालात व्हायचा. त्याची खबर पाटलाकडं कोण देणार? त्यांच्यासाठी घटनांची यादी आणि ग्रामसभा एवढंच साधन आहे. वाडीतली चार माणसं समोर बसवली तर कोण कुणाच्या आधी जन्मलं हे ती तारखेशिवाय सांगतात, आणि एकाचं वय नक्की झालं की त्याच्या पुढच्या-मागच्यांचं होत जातं. त्याचा पंचनामा करा. शेताच्या बांधाचा करतो तसा. मंडळ अधिकाऱ्याची सही, ग्रामसभेचा ठराव, आणि खाली 'जन्मवर्ष अंदाजे, दोन वर्षं इकडं-तिकडं' असं प्रामाणिक वाक्य. आधारच्या खोट्या १ जानेवारीपेक्षा ते वाक्य अधिक खरं आहे.

उशिरा जन्मनोंद करून घ्या, असं कुणी सुचवतं. २०२५ च्या सुरुवातीला बोगस दाखल्यांच्या तक्रारी आल्या म्हणून राज्यानं त्या नोंदी काही काळ थांबवल्या आणि नंतर नियम कडक केले. कारण समजतं. पण नव्वदीच्या आजीला जन्माची नोंद करायला लावणं, त्यासाठी जाहीर नोटीस आणि पोलीस चौकशी, हे मला तरी चमत्कारिक वाटतं. तिला जन्मदाखला नकोच आहे. तिला एसटीत आणि दवाखान्यात मानला जाईल असा वयाचा दाखला हवा आहे. तो या जिल्ह्यापुरता आपण देऊ शकता, आणि त्याच्या आधारावर आधारची दुरुस्ती व्हावी असं वरती लिहूही शकता. दुरुस्ती वरच्यांच्या हातात आहे, ते आपलं लिहिणं ऐकतील की नाही हे मी कसं सांगू. आमचं मात्र ऐकत नाहीत, हे नक्की.

सुरुवात सगळ्या जिल्ह्यात नको. पेण आणि रोहा, दोनच तालुके. मतदार यादीत किंवा आधारात पंचाहत्तरीच्या पुढं असलेली, आणि जी नाहीत पण गाव म्हणतं की आहेत, अशी दोन्ही प्रकारची माणसं. प्रत्येक गावाची यादी आशाताई आणि अंगणवाडीताईंना तोंडपाठ असते. त्यांच्यावर आणखी एक फॉर्म लादण्याआधी त्याचे पैसे ठरवा, एवढं मात्र करा. घटनांची स्थानिक यादी आम्ही करून देतो. मोडी वाचणारे दोघं आमच्या घोळक्यात आहेत. एकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यामुळं ते फार उत्साहात आहेत. मानधन नको, बसायला खिडकीजवळची जागा आणि पंखा पुरे.

पावसाळ्यात फडकी सोडू नयेत, कागद ओल धरतो आणि खारेपाटातल्या हवेत तर लगेच. दिवाळीनंतर बसलं तर शिमग्यापर्यंत दोन तालुक्यांचं बरंचसं काम उरकेल. शिवाय श्रावणबाळचा हयातीचा दाखला द्यायला ही मंडळी वर्षातून एकदा तालुक्याला येतातच. कुणी रिक्षातून, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर मागं बांधल्यासारखी. त्याच दिवशी शेजारच्या टेबलावर आम्ही विचारायला बसू: रामदास बुडाली तेव्हा तुम्ही काय करत होतात? आपली लेखी परवानगी मिळाली की कळवावं. पेणच्या तहसील कचेरीत सोमवारी फार गर्दी असते, मंगळवार बरा.

आपला नम्र,
पेणचा एक ज्येष्ठ नागरिक
(जन्मतारीख १ जून)